आपल्याला ‘अनपढ’ कोणी ठरवले?

पालकसभेत काही माता संकोचून म्हणतात, “टीचर, हम तो अनपढ हैं.” यांतल्याच एखाद्या मातेने मुलीला घरी कुरआन शरीफ वाचायला शिकवलेले असते. ती उर्दू मासिक वाचते आणि भिशीचा हिशोब मराठीत ठेवते. दोन-तीन लिपी येणारी ही बाई स्वतःला अनपढ समजते, कारण तिला इंग्रजी येत नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारे आम्ही शिक्षक हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकतो. त्याची मुळे जवळजवळ दोनशे वर्षे मागे जातात.

१८३५ साली मेकॉलेने आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. आपल्याला अरबी किंवा संस्कृत येत नाही, हे त्याने त्यात स्वतःच नमूद केले आणि तरीही या भाषांतील विद्या हलकी ठरवली. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल बेंटिंकने शिक्षणाचा सरकारी पैसा इंग्रजीकडे वळवला. १८३७ च्या कायद्याने कंपनीच्या कचेऱ्यांतून फारसी हटवण्याची वाट मोकळी झाली. फारसी ही काही गोरगरिबांच्या घरातली बोली नव्हती, हे खरे. पण तिच्या जागी खाली देशी भाषा आल्या आणि वरच्या खुर्चीत इंग्रजी बसली. पुढे १८४४ मध्ये लॉर्ड हार्डिंगने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना पसंती देण्याचे जाहीर केले. भाकरीच त्या भाषेशी बांधली गेल्यावर वेगळी सक्ती करण्याची गरज उरली नाही.

मुंबई इलाख्यात याला विरोधही झाला. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरत होते. तेव्हा कर्नल जर्व्हिस यांच्यासोबत मंडळातील तीन हिंदी सभासदांनी देशी भाषांची बाजू घेतली. ते होते जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि मुहम्मद इब्राहिम मक्बा. शंकरशेटांचे नाव आपली मुले पुस्तकात वाचतात. मक्बांचे नाव आपल्या किती घरांत माहीत आहे?

१९४७ साली इंग्रज गेले, पण त्यांची मोजपट्टी आपण जपून ठेवली. पोटाला चिमटा घेऊन, प्रसंगी उसनवारी करून इंग्रजी शाळेची फी भरणारे अब्बा आम्ही रोज पाहतो. त्यांची तळमळ खोटी नाही. पण ‘फोटोसिंथेसिस’चे स्पेलिंग घडाघडा सांगणाऱ्या मुलाला “झाड आपले अन्न कसे तयार करते?” असे विचारले, की तो गप्प होतो. पेटीत दादाजानच्या हातची उर्दू पत्रे असतात आणि घरात ती वाचणारे कोणी उरत नाही.

इंग्रजी शिकू नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती उत्तम यायला हवी. शाळेतलेच शब्द पाहा: कागद, शाई, अर्ज, दाखला, हजेरी. हे अरबी-फारसीतून आले आणि मराठीत मुरले. त्यासाठी मराठीला मराठीपण सोडावे लागले नाही. इंग्रजीही अशीच घेता येते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे, असे सांगितले आहे.

शाळा कोणत्याही माध्यमाची असो, एक गोष्ट आजपासून करता येईल. रात्री जेवण झाल्यावर मुलाला जवळ बसवा आणि आज शिकलेला धडा घरच्या बोलीत सांगायला लावा. त्याने नीट सांगितला, तर धडा समजला. अडखळला, तर नुसते पाठांतर झाले आहे. दुसऱ्या दिवशी आम्हाला येऊन सांगा. ही परीक्षा घेण्यासाठी अम्मीला इंग्रजी यावे लागत नाही. आणि आपली अम्मी आपला अभ्यास तपासू शकते हे ज्या मुलाला कळले, तो तिला कधीच अनपढ म्हणणार नाही.