जठरव्रण आणि चौदा दिवसांची मुदत

चि. श्रीधर,

तुझे पत्र पावले. दुर्बिणीच्या तपासणीत जठराच्या खालच्या भागी व्रण आढळला, आणि तेथून काढलेल्या तुकड्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी नामक जंतूही सापडला, हे वाचून काळजी वाटली खरी. पण त्याहून अधिक काळजी वाटली ती पत्राच्या उत्तरार्धाने, कारण तेथे तू आजार बाजूस ठेवून स्वतःच्या स्वभावाचीच झडती घेतली आहेस. आपण चिडतो फार, जेवतो अवेळी, ठेच्यावाचून घास उतरत नाही, म्हणून हे भोग ओढवले, सबब मिरची वर्ज्य करून तिन्ही त्रिकाळ दुधावर राहायचे, असा तुझा संकल्प आहे. डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या मुदतीने दिलेल्या चार औषधांचा उल्लेख मात्र साऱ्या पत्रात एकदाच, आणि तोही तोंड कडू होते एवढ्या तक्रारीपुरता.

रोग म्हणजे रोग्याच्या वर्तणुकीवरचा शेरा, असे मानण्याची खोड तुझ्या एकट्याची नव्हे. मोठमोठ्या वैद्यकपंडितांनीही ती अर्धे शतक जोपासली. आम्ल नाही तेथे व्रण नाही, असा सिद्धान्त कार्ल श्वार्ट्झने १९१० साली मांडला, आणि १९१५ साली शिकागोच्या बर्ट्राम सिपीने तासातासाला दूध, साय आणि क्षारांची पूड देण्याचा जो शिरस्ता घालून दिला, तो इतका दृढमूल झाला की त्यापायी काहींच्या रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडली तरी दुधाच्या प्रतिष्ठेस बाध आला नाही. वस्तुतः दूध जळजळ घडीभर शमवते, आणि मागाहून आम्ल अधिकच पाझरवते. पाश्चात्त्य देशांत हा आजार धावपळीच्या, जबाबदारीच्या पदांवरील पुरुषांचा म्हणून ओळखला जात असता, इकडे त्रावणकोरात नेय्यूरच्या मिशन रुग्णालयात सॉमरव्हेल (१९२२ आणि १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमांतले तेच गिर्यारोहक) गोरगरीब कष्टकऱ्यांच्या पोटांवर अशाच व्रणांसाठी शस्त्रक्रिया करीत होते. त्या बिचाऱ्यांना कोणत्या कचेरीचा ताप होता, असा प्रश्न कोणी विचारला असता, तर चिंतेच्या सिद्धान्ताला पुष्कळ आधीच तडा गेला असता.

ग्रीसमधील मिसोलाँघी गावी लिकुदिस नावाच्या वैद्याने १९५८ पासून अशा रोग्यांना जंतुनाशके देऊन पाहिली, तर अधिकाऱ्यांनी त्यालाच दंड ठोठावला. अखेर ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला १९७९ पासून जठराच्या तुकड्यांत वळणदार जंतू दिसू लागले, आणि बॅरी मार्शल हा तरुण वैद्य त्याला येऊन मिळाला. ते जंतू प्रयोगशाळेत काही केल्या वाढेनात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत मात्र बशा नेहमीच्या दोन दिवसांनंतर न काढता तशाच राहिल्या, आणि त्या निष्काळजीपणाच्या पोटी वाढ दिसली. तरीही लोक मानीनात, तेव्हा १९८४ साली मार्शलने ते जंतू घोळून स्वतःच प्राशन केले. थोड्याच दिवसांत मळमळ, ओकारी, तोंडाला दुर्गंधी, आणि दुर्बिणीतून पाहता जठराला दाह. व्रण काही झाला नाही, हे सांगितलेच पाहिजे. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले.

हा जंतू युरिएज नावाच्या द्रव्याने युरियापासून अमोनिया निर्माण करतो आणि त्या कवचाच्या आश्रयाने आम्लात तग धरतो. तो बहुधा बालपणीच घरातल्या घरात एकाचा दुसऱ्याला लागतो, आणि आपल्या देशात असंख्यांच्या पोटी निमूटपणे वस्तीला असतो; त्यांतल्या थोड्यांनाच व्रण होतो. तेव्हा ठेच्यास आरोपीच्या पिंजऱ्यातून मुक्त कर. झोंबत असेल तर काही दिवस खाऊ नकोस, एवढेच. तंबाखू मात्र सोडायलाच हवी, कारण तिच्यामुळे व्रण भरण्यास विलंब लागतो.

आता तुझ्या दुधाविषयी. तुझ्या चार औषधांत टेट्रासायक्लिन आहे, आणि दुधातील कॅल्शियम त्यास आतड्यातच जखडून टाकते, म्हणजे ज्या व्रतावर तू विसंबला आहेस तेच औषधाची वाट अडवीत आहे. ती गोळी दुधाबरोबर कदापि घेऊ नकोस. पित्ताची गोळी जेवणाआधी अर्धा तास घे. मेट्रोनिडाझोल चालू आहे तोवर मद्याला शिवू नकोस. आणि बरे वाटू लागले म्हणून दहाव्या दिवशी डबी कपाटात ठेवू नकोस, कारण अर्धवट मारलेले जंतू औषधांना निर्ढावतात. आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोल यांना दाद न देणारे जंतू आधीच पुष्कळ आहेत, म्हणून तर बिस्मथसह चौघांची योजना झाली.

मुदत संपली की फैसला झाला असेही समजू नकोस. जंतू गेला की नाही, याची श्वासाची तपासणी जंतुनाशके थांबल्यावर निदान चार आठवड्यांनी, आणि पित्ताची गोळी दोन आठवडे बंद ठेवून करतात; ती केव्हा बंद करायची ते डॉक्टरांनाच विचार. शिवाय व्रण जठरात असल्याने साधारण दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालावी लागेल, कारण क्वचित अशा व्रणाच्या आड कर्करोग दडलेला असतो, आणि तो नाही याची खातरजमा झालीच पाहिजे.

व्रणाचा दुसरा संशयित तुझ्या गुडघ्यांजवळ आहे, म्हणजे गुडघेदुखीवरच्या गोळ्यांत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी जठराच्या अस्तराचे संरक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिने घटतात, आणि गोळीऐवजी सुई टोचून घेतली तरी हा धोका टळत नाही. त्या तूर्त बंद, गुडघ्यांसाठी डॉक्टर सांगतील ते. दादांची हृदयाची अ‍ॅस्पिरिन मात्र या भीतीपोटी तू परस्पर बंद करवू नकोस. तो निर्णय त्यांच्या वैद्यांचा.

बिस्मथने विष्ठा काळी होते, जीभही. त्याने घाबरू नकोस. पण विष्ठा डांबरासारखी चिकट व दुर्गंधीयुक्त झाली, चक्कर आली, रक्ताची वा कॉफीच्या चोथ्यासारखी ओकारी झाली, किंवा एकाएकी कळ येऊन पोट फळीसारखे कठीण झाले, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठ. चि. सौ. वैशालीलाही हे वाचून दाखव, कारण अशा वेळी ‘सकाळी पाहू’ म्हणणारा तूच असशील.

श्वासाच्या तपासणीचा निकाल आला की कळव.

तुझा,
अण्णाकाका