रिकामी जागा

अ‍ॅडिलेडहून पर्थला मोटारीने जायचे आणि वाटेत तंबू ठोकून राहायचे, असे एखादे कुटुंब ठरवते, तेव्हा पहिली तारांबळ नकाशावरच उडते. सुमारे २,७०० किलोमीटरच्या ह्या वाटेवर नलारबॉरचे पठार पसरले आहे. लॅटिन शब्दांतून घडलेल्या ह्या नावाचा अर्थच ‘एकही झाड नाही’ असा. पुढे तर जवळजवळ १४६ किलोमीटर रस्त्याला वळणच नाही.

इथे मुक्काम रम्य स्थळ पाहून ठरत नाहीत; पाणी आणि पेट्रोल कोठे मिळेल, त्यावरून ठरतात. सांजावल्यावर कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून प्रवास दिवसाउजेडी करायचा. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर फळे, भाज्या, मध पुढे नेऊ देत नाहीत. तेव्हा मुलांचा खाऊही नाक्याच्या हिशेबाने बांधायचा.

१८४१ साली एडवर्ड जॉन एअर ह्याच दिशेने निघाला. वाटेत सहकारी बॅक्स्टर मारला गेला. वायली हा आदिवासी तरुण तेवढा अखेरपर्यंत सोबत राहिला. वाळूच्या टेकड्यांतले पाणी एअरला स्थानिक आदिवासींनीच दाखवले होते. १९७६ साली पूर्णपणे डांबरी झालेल्या महामार्गाला नाव मिळाले ते एअरचे.

नकाशातली ती जागा कोरी आहे, ती केवळ परक्यांसाठी. वहीत पाण्याचे लिटर मांडणाऱ्या आईबापांनी मुलांना मार्गाबरोबर एवढेही सांगावे, की ह्या ओसाडीत कोणाची तरी घरे होती आणि विहिरी त्यांना तोंडपाठ होत्या.