थंडीची रात्र आणि व्हॅनमधलं पाणी

आमच्या घरात हवामानाची बातमी सर्वांत लक्ष देऊन कोण पाहतं, असं विचारलंत तर ती मी. मुलांना बर्फ पडला तर शाळेला सुट्टी मिळेल याची आशा असते, सासूबाईंना गुडघ्यांची काळजी. मला मात्र एकच आकडा पाहायचा असतो : आज रात्री पारा शून्याच्या खाली जाणार का, आणि जाणार असेल तर किती वाजता.

कारण आमची रोजीरोटी पाण्यावर आहे, आणि ते पाणी रात्रभर घराबाहेर एका व्हॅनमध्ये असतं.

बर्मिंगहॅममध्ये आमच्या कोकणी लोकांची बरीच घरं आहेत. कुणी कारखान्यात होतं, कुणी टॅक्सी चालवतं, कुणाचं दुकान आहे. आमचे हे खिडक्या धुतात. गावी चिपळूणला फोनवर हे सांगितलं की पलीकडे जरा शांतता पसरते. लोकांच्या डोळ्यांसमोर शिडी, बादली आणि फडकं येतं. आता तसं फारसं राहिलेलं नाही. उंचावर काम करण्याबद्दल इथे 2005 साली नियम आले; त्यानंतर जिथे जमिनीवर उभं राहून काम होऊ शकतं तिथे शिडीवर चढायचं नाही, असाच रिवाज पडत गेला. आता हातात लांबच लांब, हलका कार्बन फायबरचा दांडा असतो, त्याच्या टोकाला ब्रश आणि ब्रशातून बारीक धारेने येणारं पाणी. माणूस खाली उभा राहून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याची काच धुतो. साबण नाही, फडकंही नाही. काच ओलीच सोडून द्यायची, ती आपोआप सुकते आणि डाग राहत नाही.

डाग राहत नाही याचं रहस्य पाण्यात आहे. नळाच्या पाण्यात क्षार असतात. पाणी उडून जातं आणि क्षार काचेवर पांढरे ठिपके होऊन बसतात. म्हणून पाणी आधी एका बंद नळकांड्यातल्या रेझिनमधून काढतात, तिथे क्षार अडकतात. मीटर शून्य दाखवेपर्यंत ते पाणी कामाचं नाही. या बाबतीत आम्ही बर्मिंगहॅमवाले नशीबवान आहोत. आमचं बहुतेक पाणी वेल्समधल्या एलान खोऱ्यातल्या धरणांतून येतं, 1904 सालापासून, सुमारे 73 मैलांवरून, नुसत्या उताराच्या जोरावर. ते मुळातच मऊ आहे. लंडनकडे खडूच्या दगडातून आलेलं जड पाणी असतं. तिथल्या लोकांना रेझिनच्या आधी आरओची यंत्रणाही लावावी लागते.

आता व्हॅनची मांडणी सांगते, म्हणजे पुढचं लक्षात येईल. मागे 400 लिटरची टाकी, तिच्याजवळ बारा व्होल्टचा छोटा पंप, तो चालवायला वेगळी बॅटरी, रेझिनचं नळकांडं, आणि रिळावर गुंडाळलेली 100 मीटर बारीक नळी. जागोजागी जोड, कॉक, वळणं. आणि या सगळ्यात पाणी भरलेलं.

पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं. एवढंच कारण, बाकी काही नाही. लोखंड असो, पितळ असो, प्लास्टिक असो, आतून फुगणाऱ्या बर्फापुढे कुणाचं चालत नाही. पंपाचं डोकं तडकतं, नळकांडं फुटतं, जोड उलतात. आणि हे रात्री कळत नाही. सकाळी सगळं घट्ट दिसतं, दुपारी बर्फ वितळला की व्हॅनमध्ये तळं होतं.

गावचे लोक ऐकून लगेच उपाय सांगतात. मीठ टाका. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते औषध टाका. पण आमचा सगळा धंदाच पाण्यात काही नसण्यावर उभा आहे. चिमूटभर मीठ पडलं तरी काचेवर ठिपके. आणि ते रसायन लोकांच्या बागेत, मांजरा-कुत्र्यांच्या पायाखाली सोडायचं, हे तर मनालाही पटत नाही. शुद्ध पाणी शुद्धच ठेवून त्याला थंडीतून पार न्यायचं आहे.

आमच्या मोठ्याने गेल्या वर्षी शाळेत हे गणित शिकल्यावर घरी येऊन मांडून दाखवलं. भरलेली 400 लिटरची टाकी पाच अंशांवरून शून्यावर यायला तिच्यातून सव्वादोन-अडीच युनिट विजेएवढी उष्णता जावी लागते. पण शून्यावर आल्यावर ती पूर्ण गोठायला आणखी सदतीस युनिट ! म्हणजे एका रात्रीत टाकी दगड होत नाही. फार तर वर पापुद्रा धरते. इतकी वर्षं आम्ही टाकीची धास्ती घेत होतो, आणि खरी नाजूक वस्तू मुठीएवढा पंप आणि करंगळीएवढी नळी निघाली. त्यांच्यात पाणी इतकं थोडं की तास-दीड तासात काम तमाम.

दुसरी एक गोष्ट वाचकांना ओळखीची वाटेल. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची बातमी आपण दर हिवाळ्यात मराठी वर्तमानपत्रांत वाचतो, आणि बऱ्याचदा बर्फ दिसतो तो उभ्या गाड्यांच्या टपांवर. हवेचं तापमान तेव्हा शून्याच्या वरच असतं. मोकळ्या, निरभ्र आकाशाखाली पातळ पत्रा आपली उष्णता वर सोडून देतो आणि हवेपेक्षाही गार पडतो. व्हॅन म्हणजे तरी काय, पत्र्याची पेटीच. म्हणून बातमीत दोन अंश म्हटलं आणि चांदणं लख्ख असलं, तर मी ते शून्यच समजते. ढग असले तर थोडा जीव शांत. आणखी एक : फजरला उठून बाहेर पाहिलं, ठीक आहे, असं म्हणून चालत नाही. डिसेंबरात इथे सूर्य सव्वाआठला उगवतो आणि सर्वांत कडक थंडी बहुधा त्याच सुमाराला पडते. फजरनंतर चांगले दोन तास पारा उतरतच असतो.

हे सगळं आमच्यापुरतं बसलं होतं. आमच्या घराला गाडी उभी करायला अंगण आहे. हे व्हॅन भिंतीला अगदी लागून लावतात, म्हणजे घराची थोडी ऊब मिळते आणि एका बाजूचं आकाशही झाकलं जातं. आतून प्लायवूड आणि फोमचे जाड तक्ते मारलेले आहेत. पण मागच्या वर्षी माझ्या बहिणीच्या मुलाने हाच धंदा सुरू केला. जुनी व्हॅन, जुनी टाकी, नवा पंप, आणि सगळं उधारीवर. उधार देणाऱ्यांत आम्हीही होतो. बहीण गावी, तिच्या घराचं छप्पर याच्या पैशांची वाट पाहणारं. मुलगा कष्टाळू, पण तेवीस वर्षांचा. राहतो एका चाळवजा ओळीतल्या भाड्याच्या घरात. दार उघडलं की फुटपाथ, आणि व्हॅन रस्त्यावर.

नोव्हेंबरअखेर पहिल्या कडक रात्रीचा इशारा आला तेव्हा त्याचा फोन आला. "खाला, तुमच्याकडे तो फॅनवाला हीटर आहे ना? आणि लांब वायर? खिडकीतून सोडतो, रात्रभर व्हॅनमध्ये लावून ठेवतो."

मी म्हटलं, हीटर आहे, पण देणार नाही.

त्याला राग आला. मी कारण सांगितलं. फुटपाथवरून वायर टाकली की अंधारात कुणी म्हातारं माणूस अडखळून पडणार. रिळावर गुंडाळलेल्या वायरवरून दोन हजार वॅटचा हीटर चालवला की वायर तापते. आणि व्हॅनमध्ये फोम, प्लास्टिक, फडकी, ओल. तिथे राखणीशिवाय रात्रभर पेटता हीटर ठेवायचा? शेजारी लागून दहा घरं आहेत. शिवाय दहा तासांत वीस युनिटं जाळायची, म्हणजे पाच-सहा पौंड एका रात्रीचे.

दुसऱ्या दिवशी त्याने आणखी भारी युक्ती काढली. कुणीतरी त्याला छोटा गॅसचा हीटर देणार होतं. यावर मात्र मी त्याच्याशी जरा कठोर बोलले. उत्तरेकडे बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबं सकाळी उठली नाहीत, ही बातमी आपल्याकडे दर थंडीत येते. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. सकाळी हाच पोरगा घाईत दार उघडून आत शिरणार. मी म्हटलं, "पंप फुटला तर आम्ही घेऊन देऊ. तुझ्या अम्मीला मी काय तोंड दाखवू?" तो गप्प झाला. पटलं म्हणून नव्हे, पण गप्प झाला.

संध्याकाळी हे स्वतः त्याच्याकडे गेले. इथे डिसेंबरात मगरिब चारच्या सुमारास होते, म्हणजे काम आटोपतं तेव्हा अंधारच. यांनी त्याला हाताने करून दाखवलं. आधी नळीचं टोक मोकळं करून पंप बंद करायचा, दाब जाऊ द्यायचा. टाकीकडचा कॉक बंद करून पंप क्षणभर पुन्हा चालवायचा, म्हणजे त्याच्या पोटातलं पाणी निघून जातं. मग पंपाच्या दोन्ही बाजूंचे जोड सोडून ठेवायचे. रिकाम्या केलेल्या नळीवरचे गोल चेंडूचे कॉक पूर्ण बंद न ठेवता अर्धे उघडे ठेवायचे. बंद कॉकच्या चेंडूत घोटभर पाणी कोंडून राहतं आणि तेच पितळ फोडतं. रेझिनचं नळकांडं काढून घरात. नळीचं रीळही घरात. ब्रश झटकून घरात. टाकीत पाणी राहू दे, फक्त काठोकाठ नको, फुगायला जागा हवी. टाकीच्या तोंडाशी जो कॉक भरलेलाच राहतो, त्याला जाड गुंडाळायचं. सगळं मिळून वीस मिनिटं.

ही वीस मिनिटं लिहायला सोपी आहेत. दिवसभर ओल्या हातांनी काम केलेल्या माणसाला, बोटं बधिर झालेली असताना, ती फार लांब वाटतात. म्हणूनच लोक हीटरकडे धावतात, हे मी समजू शकते.

आमच्या घरी यासाठी हिवाळ्यात जिन्याखालचं कपाट रिकामं ठेवलेलं असतं. नळीचं रीळ मात्र न्हाणीघरातच, कारण ते ठिबकतं. पाहुणे आले की मी आधीच सांगते, वुजूला जाताना रिळाला घाबरू नका.

आणि गोधडी. सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली एक जाड गोधडी आम्ही टाकीच्या कॉकवर आणि पंपावर गुंडाळतो. ती पाहून भाच्याने विचारलं, गोधडीने गरम कसं होणार? सासूबाईंनीच उत्तर दिलं. "अरे, गावी मासळीवाल्याचा बर्फ भुशात आणि गोणपाटात बांधून का ठेवत? भुसा गार असतो म्हणून?" गोधडी ऊब निर्माण करत नाही, आहे ती उशिरा जाऊ देते. तिच्या खाली आम्ही आमच्या व्हॅनमध्ये ऐंशी वॅटची नळीसारखी लांब, बंद हीटरपट्टी ठेवतो, झाडांच्या काचघरात लावतात तसली. पण ती गोधडीला टेकू न देता, वेगळ्या जाळीत, थर्मोस्टॅटवर, आणि बाहेरच्या वापरासाठी असलेल्या, गळती होताच वीज तोडणाऱ्या सॉकेटवरून. रात्रीला एक युनिटही लागत नाही. ज्याला अंगण आहे त्याच्यासाठी हे ठीक. भाच्यासाठी मात्र रिकामं करणं हाच मार्ग होता.

उणे पाचच्या चार रात्री सलग गेल्या. तिसऱ्या सकाळी त्याच्याकडून घाईत नळीचं एक वळण व्हॅनमध्ये राहिलं होतं, ते गोठलं. त्याने पंप चालू केला नाही, हे त्याचं शहाणपण. अडलेल्या नळीवर पंप चालवला तर फ्यूज जातो, नाहीतर पंपच. कोमट पाण्याची बाटली नळीवर फिरवत बसला. उकळतं नाही, कोमट. उकळतं ओतलं की प्लास्टिक तडकतं. अर्ध्या तासात नळी मोकळी झाली.

पण त्या दिवशी काम झालंच नाही. दहा वाजले तरी पारा उणे दोन. यंत्र वाचलं म्हणजे काम करता येतंच असं नाही. काचेवरून ओघळलेलं पाणी पायवाटेवर पडतं आणि डोळ्यांना न दिसणारा बर्फ होऊन बसतं. त्यांच्या गिऱ्हाइकांत निम्म्याहून जास्त एकट्या राहणाऱ्या वृद्ध बायका आहेत. टपालासाठी दार उघडलं, पाय सरकला आणि कंबर मोडली, तर आठ पौंडांच्या खिडकीपायी तिचं उरलेलं आयुष्य अंथरुणात. हे व्हॅनमध्ये रस्त्यावर टाकायच्या जाड्या मिठाची गोणी ठेवतात, दाराशी पाणी पडलं की मूठभर फेकतात. तरी शून्याच्या खाली काम न करणंच बरं, असं आमच्या घरात ठरलं आहे. काम नाही त्या दिवशी पैसे नाहीत. 2010 च्या डिसेंबरात, शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर म्हणतात तो, आमचे कितीतरी दिवस असे गेले होते. तेव्हापासून मी सप्टेंबरपासूनच दर आठवड्याला थोडे पैसे बाजूला टाकते. यंदा भाच्यालाही तशी डबी करून दिली आहे, पण त्यात तो फारसं काही टाकत नाही असं दिसतं.

त्याने उधारीतला पंपाचा हप्ता फेब्रुवारीत फेडला. पंप अजून तोच आहे. बहिणीच्या छपराचे कोने पावसाच्या आधी बदलून झाले. आता पुढच्या हिवाळ्यासाठी त्याने सासूबाईंकडे एक गोधडी मागितली आहे. त्यांनी जुन्या साड्या काढून ठेवल्यात, आणि सुईत दोरा ओवायला रोज संध्याकाळी मला हाक मारतात.