आधी नंबर, मग मेतकूट

भोपाळच्या कोलार रोडवर आमची घरं झाली तेव्हा घरातून काही विकणाऱ्या बाईला एकच प्रश्न विचारला जायचा, "तुम्ही कुणाकडच्या?" उत्तर पटलं की मेतकूट खपलं. आज तीच काकू मोबाइलवर दुकान मांडायला बसली की आधी पॅन द्यायचा, मग आधार, मग बँकेचं खातं, आणि मेतकुटाचा फोटो सगळ्यात शेवटी.

आमच्यातल्या बऱ्याच घरांचं मूळ नागपूरचं. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या कचेऱ्यांतली मराठी माणसं बिऱ्हाडं घेऊन तात्या टोपे नगरच्या सरकारी क्वार्टरांत उतरली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा चुना भट्टीच्या पुढे, कलियासोत नदी ओलांडून, ऐपतीतल्या प्लॉटवर घरं बांधली. दुकानं कमी, रस्ता वाईट, पण गोडा मसाला, भाजणी, कुरडया यांचं कधी अडलं नाही. कुणी ना कुणी काकू करतच असायच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या तळहातावर चिमूटभर मेतकूट ठेवायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. चाखणारी म्हणायची, "अर्धा किलो माझ्या नावावर लिहा." जुन्या डायरीत नाव लिहिलं जायचं. माल स्टीलच्या डब्यातून यायचा आणि डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत सगळ्यांनी पाळली. साखर तरी घालायची, नाहीतर अंगणातली चार लिंबं. पैसे आणि लिंबं एकदमच पोचायची, आणि त्यामुळे पैसे हातात घेताना काकूंना संकोच वाटायचा नाही.

आताची रीत कायद्याने ठरवलेली आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीला विक्रेत्याच्या रकमेतून आयकर कापावा लागतो. कायद्यातला दर आधी १ टक्का होता, ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला. वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल तर घरगुती विक्रेत्याला ही कपात माफ, पण पॅन किंवा आधार दिला असेल तरच. नाही दिला तर थेट ५ टक्के. जीएसटीचं त्याहून अवघड होतं. गावात दुकान टाकून ४० लाखांपर्यंत माल विकणाऱ्याला नोंदणीची गरज नव्हती, पण तोच माल ऑनलाइन विकणाऱ्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट सैल झाली. आता लहान विक्रेत्याने पॅन आणि पत्ता देऊन जीएसटीच्या पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर घेतला की पुरतं. मात्र माल राज्याबाहेर पाठवायचा नाही.

ही शेवटची अट आम्हाला फार लागते, कारण आमचं गिऱ्हाईक राज्याबाहेरच आहे. लेकी नागपूरला, पुण्याला दिल्या. पूर्वी शेजारीपाजारी चौकशी व्हायची, "जीटी एक्स्प्रेसने कुणी जातंय का नागपूरला?" ओळखीचं कुणी निघालं की दुसऱ्यांच्या दोन पिशव्या त्याच्या हाती जायच्या. नागपूर स्टेशनवर जावई उभा असायचा, डब्यावरचं नाव वाचायचा, पैसे पुढच्या खेपेला यायचे. आज कुरिअर उंबऱ्यापर्यंत येतं, कोलार रोड सहापदरी झाला आहे, पण ऑनलाइन दुकानातून तीच भाजणी नागपूरला पाठवायची तर पूर्ण जीएसटी नोंदणी हवी आणि तिच्यामागून विवरणपत्रं आली.

तरीही, ते दिवस चांगले होते असं म्हणताना जीभ अडखळते. डायरीत लिहिलेली उधारी किती बायकांनी बुडालेली पाहिली! मागायची सोय नव्हती, कारण देणेकरीण नात्यातली किंवा साहेबांची बायको. मेहनतीचा दर धरायचा तर, "घरचंच तर आहे" असं ऐकावं लागायचं. जे साठायचं ते तांदळाच्या डब्यात, नवऱ्याच्या आणि सासूच्या नजरेआड; ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या तेव्हा अनेकींना ते घरात सांगावं लागलं. आणि "तुम्ही कुणाकडच्या?" या प्रश्नात जात होती, पोटजात होती, कोण सौभाग्यवती आणि कोण नाही हेही होतं. हळदीकुंकवाला जिला बोलावणंच नसायचं तिचं मेतकूट कुणी चाखणार कसं? आम्ही ज्या विश्वासाचं कौतुक करतो तो एवढ्याच वर्तुळातला होता.

नंबर हे विचारत नाही. माझ्या मते ही लहान गोष्ट नाही. पॅनच्या कार्डावर बाईच्या नावाखाली सहसा वडिलांचं नाव छापलेलं असतं, लग्न होऊन चाळीस वर्षं झाली असली तरी. जन्मभर अमक्यांच्या मिसेस म्हणून मसाला विकलेल्या बाईची विक्री आता तिच्या स्वतःच्या नावावर जमा होते. अर्थात तिथंही खोळंबा आहेच. आमच्या बायकांची नावं लग्नात बदलली. पॅन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, बँकेत तिसरंच काही. यंत्राला तिन्ही एकसारखी हवीत. मग नातवाला शेजारी बसवायचं, ओटीपी यायच्या आत चष्मा शोधायचा आणि सुधारणेचा अर्ज भरायचा.

पण जे सर्वांत जास्त हरवलं ते वेगळं आहे. पूर्वी एखादी बाई एका वर्षी, मुलाच्या फीपुरत्या, चकल्या विकायची आणि पुढच्या वर्षी थांबायची. तिने दुकान काढलं असं कुणी म्हणत नव्हतं, बंद केलं असंही नाही. पास झालेल्या मुलाची पुस्तकं खाकी कव्हरांसकट निम्म्या किमतीत खालच्या वर्गातल्या मुलाकडे जायची; किंमत दोन्ही आया दारात उभ्या राहून ठरवायच्या आणि मुलगा फाटलेलं पान आधीच दाखवून द्यायचा. घर आणि बाजार यांच्यामध्ये अशी एक जागा होती. वापरातला सोफा विकून आलेल्या पैशावर आजही आयकर नाही, कायदा त्याला घरगुती वस्तू मानतो; दागिन्यांना आणि चित्रांना मात्र ही सूट नाही. तेव्हा कर हा प्रश्न नाहीच. प्रश्न आहे तो दोन किलो भाजणी विकून पाहायलाही आधी स्वतःला व्यापारी म्हणून नोंदवण्याचा.

युरोपीय संघात २०२३ पासून ऑनलाइन बाजार विक्रेत्यांची माहिती करखात्याला कळवतात. पण वर्षात ३० पेक्षा कमी वस्तू विकणारा आणि २,००० युरोंच्या आत राहणारा त्यातून सुटतो. मुलांचे तोकडे झालेले कपडे विकणाऱ्या जर्मनीतल्या आमच्या मुलींची नावं त्यामुळे सहसा कळवली जात नाहीत. अशी एक रेघ आपल्याकडेही आखली पाहिजे. तिच्या आत राहणाऱ्या बाईला काही काळ विकून तर पाहू द्यावं. जमलं, वाढलं, तर नंबर ती स्वतःच घेईल.

तोवर कोलार रोडवरच्या बहुतेकींनी आपली वाट काढली आहे. दिवाळीच्या आधी कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फराळाची यादी पडते, कोणाला किती हवं ते खाली लिहिलं जातं, पैसे यूपीआयने येतात. जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या जमेवरून कर्नाटकात लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हापासून काहीजणी रोखच मागतात. डायरी परत आली, चवीचा शब्द परत आला, आणि जुनं वर्तुळही परत आलं. ग्रुप घरमालकांचा असतो. मागच्या गल्लीत भाड्याने राहणारी, एकटीने मुलगी वाढवणारी बाई अनारसे करत असेल तर तिला त्या ग्रुपमध्ये कुणी घेतलेलं नसतं. तिला तो नंबरच घ्यावा लागतो.