पाण्याचं वजन

तुमच्या घरी मासे आहेत का? नसतील आणि तुम्ही आईबाबांच्या मागे लागला असाल, तर आधी एक गणित करा.

आम्ही कुवेतमध्ये सालमियाला राहतो. गेल्या वर्षी आमच्या घरी काचेची टाकी आली. लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी ४५ आणि उंची ४५. तिच्यात साधारण १८२ लिटर पाणी मावतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. काच तीस किलो, शिवाय तळाची वाळू आणि दगड. काठोकाठ भरली नाही तरी सगळं मिळून सव्वादोनशे किलोच्या आसपास! म्हणजे तीन मोठी माणसं टेबलावर रात्रंदिवस उभी आहेत असं समजा.

टाकीशेजारीच आमचा तीन वर्षांचा मुलगा गाड्या खेळतो. त्यामुळे साधं कपाट चालणार नव्हतं. मी स्टँड घरी बनवायचं ठरवलं. मदतीला अकरा वर्षांची मुलगी. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं इंग्रजीत.

शुवैखच्या बाजारातून चार बाय दोन इंची लाकूड आणलं, दुकानातच मापाने कापून घेतलं. कामाला लागलो आणि एक गंमत झाली. मी मराठी शाळेत शिकलो, तेव्हा सुताराच्या हत्यारांची नावं माझ्या तोंडी मराठीतच येतात. "गुण्या दे गं," मी म्हणालो.

"बाबा, गुण्या म्हणजे काय?" तिने मराठीतच विचारलं. दुसरा इलाजच नव्हता!

तुम्हालाही सांगतो. गुण्या काटकोन तपासतो. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. उभी वस्तू सरळ आहे का, ते त्याने कळतं. आणि पाणसळ आडवी पातळी दाखवते. तिच्या नळीतला बुडबुडा मधोमध थांबला, की पातळी बरोबर.

आता स्टँडची खरी युक्ती ऐका. वजन स्क्रूवर टांगायचं नाही. वरची आडवी लाकडं थेट पायांच्या डोक्यावर बसवायची. मग वजन लाकडातून सरळ जमिनीत उतरतं आणि स्क्रू फक्त लाकडं जागेवर धरून ठेवतात.

दुसरी गोष्ट, डुलणं. चार काठ्यांची चौकट ढकलली की तिरकी होते, पण तीन काठ्यांचा त्रिकोण तसाच राहतो. करून बघा! म्हणून पाठीमागे आम्ही एक तिरकी पट्टी ठोकली आणि त्यावर प्लायवूड लावलं.

वर जाड प्लायवूड, त्यावर थर्माकोलची शीट, मग टाकी. पाणसळ मुलीच्या हातात होती. एका पायाखाली पातळ चकती सरकवायला तिनेच लावली. "अजून थोडं... बाबा, थांबा!" बुडबुडा मधोमध आला होता.

पाणी एकदम भरलं नाही. अर्धी टाकी भरून एक दिवस थांबलो, पुन्हा पातळी तपासली. कुवेतमध्ये नदी नाही. नळाचं पाणी समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून तयार करतात. लाकडाचीही इथे जुनी ओळख आहे. तेल सापडण्याआधी इथे मोठी लाकडी जहाजं बांधत आणि त्यांचं सागवान भारतातून, मलबारहून येई.

आज मासे मजेत आहेत. धाकटा स्टँडला टेकून गाड्या चालवतो आणि मला भीती वाटत नाही. मुलगी अजूनही बरंचसं इंग्रजीत बोलते. पण परवा भिंतीवर फोटो लावताना ती म्हणाली, "बाबा, पाणसळ कुठंय?"

तुमच्या घरी आहे का पाणसळ? आज विचारा. पण मराठीतच विचारा हं!