देह शिकलेलं यंत्र

डेव्हिड क्रोननबर्गच्या ‘द फ्लाय’ (१९८६) या सिनेमातला टेलिपॉड पहिल्यांदा दिसतो, तेव्हा त्याची भीती वाटत नाही. काळपट धातूचं उभं धूड, अंगावर एकाखाली एक आडव्या वळ्या, समोर दार. क्रोननबर्गकडे जुनी डुकाटी मोटरसायकल होती, तिच्या सिलिंडरवरून हा आकार सुचला. इंजिनाच्या ब्लॉकवरच्या अशा वळ्या आतली उष्णता बाहेर टाकतात. इथे त्यांचं काम निराळं आहे. आत काहीतरी धगधगतंय, उकलायच्या बेतात आहे, असं त्यांच्यामुळे सतत वाटत राहतं.

टेलिपॉड एकटा नाही, त्याला जोडीदार आहे. एकात ठेवलेली वस्तू विरघळते आणि दुसऱ्यात पुन्हा जुळते. त्यांचा कर्ता सेथ ब्रंडल एका जुन्या गोदामवजा जागेत एकटाच राहतो. जेफ गोल्डब्लमने हा सेथ असा काही उभा केलाय, की त्याचे मोठे डोळे आणि अडखळतं बोलणं विसरता येत नाही. सेथला गाडी लागते. लहानपणी तीनचाकी सायकलवरसुद्धा त्याला ओकारी झाली होती. म्हणून त्याला प्रवासच नाहीसा करायचाय. जगाचा चेहरामोहरा बदलू पाहणाऱ्या या यंत्राचा जन्म एका ढवळणाऱ्या पोटातून झालाय, हे मला फार मोलाचं वाटतं. या सिनेमात प्रत्येक गोष्ट देहातून निघते आणि देहाकडेच परत येते.

टेलिपॉडचा स्वभाव म्हणाल तर कमालीचा आज्ञाधारक. सांगितलं तेवढंच करणार, आणि न सांगितलेलं त्याला कळणार नाही. पत्रकार व्हेरोनिकाने दिलेला पायमोजा तो बिनचूक पोचवतो. मग सेथ आत माकड ठेवतो, बबून जातीचं, आणि दुसऱ्या बाजूने आतडी बाहेर आलेला, अजून हलणारा मांसाचा गोळा निघतो. सेथ मांसाचा एक तुकडा पाठवतो, भाजून व्हेरोनिकाला चाखायला देतो. तिला चव खोटी, कृत्रिम लागते. यंत्राने मांसाची नुसती नक्कल केली होती. म्हाताऱ्या बायका तान्ह्या बाळाचा गालगुच्चा घेतात, ती कातडीची ओढ, ते वेड त्याला ठाऊकच नव्हतं. ठाऊक नव्हतं, कारण सेथलाही नव्हतं. व्हेरोनिकाच्या सहवासात त्याला ते उमगतं आणि तो ते यंत्राला शिकवतो. पुढचं माकड धडधाकट बाहेर येतं.

इथपर्यंत ही प्रेमकथा आहे, आणि माझ्या मते शेवटपर्यंत प्रेमकथाच राहते. मत्सराने आणि दारूने डोकं फिरलेल्या रात्री सेथ स्वतः आत शिरतो. त्याच्या मागोमाग एक माशीही. दोन जीव आत असले तर काय करायचं, हे टेलिपॉडला कोणी सांगितलेलं नव्हतं. तो त्यांचा एक जीव करतो. भयपटात एवढा निष्पाप खलनायक मी दुसरा पाहिलेला नाही. त्याच्या मनात द्वेष नाही, सूड नाही. आपण काय केलं याची गंधवार्ताही नाही. आपल्या पेशीही अशाच, आतल्या आत, कोणाचंही वाईट न चिंतता चुकतात.

त्यानंतर सिनेमा घाई करत नाही. आधी अंगात नवं बळ येतं, कॉफीत चमच्यामागून चमचे साखर पडते, पाठीवर राठ केस उगवतात. मग नखं निघतात, दात गळतात, कान हातात येतो. क्रिस वॅलस आणि स्टीफन ड्युपुई यांनी रंगभूषेतून एकेक पायरी घडवली आणि त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. पुढच्या टप्प्यांत गोल्डब्लमला तासन्‌तास खुर्चीत बसावं लागे. गळालेले अवयव सेथ न्हाणीघरातल्या औषधांच्या कपाटात जपून ठेवतो आणि त्या कपाटाला आपलं संग्रहालय म्हणतो. कान गळून पडल्यावर भेदरलेल्या त्या माणसाला व्हेरोनिका छातीशी धरते. तिच्याही चेहऱ्यावर किळस आहे. तरी ती हात सोडत नाही.

असले सिनेमे लोक बघतात तरी का, याचं माझं उत्तर त्या मिठीत आहे. घरात दुखणं लांबलं की आपण नजर चुकवायला शिकतो. चादर नीट करतो, खिडकी उघडतो, हवापाण्याचं बोलतो, पण जखमेकडे पाहत नाही. तो देह ज्याचा आहे, त्याला मात्र तसं करता येत नाही. ‘द फ्लाय’ आपल्याला नजर हलवू देत नाही, आणि पाहायला लावतो ते प्रेम करणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी. केवळ दचकवायला रक्त सांडणाऱ्या चित्रपटांत देह हा कापायचा माल असतो. इथे बदलत जाणाऱ्या प्रत्येक इंच कातडीखाली तोच लाजरा, बोलघेवडा सेथ शिल्लक आहे, म्हणून तर ती किळस सोसवते. त्या काळात अनेकांना यात एड्सची छाया दिसली. क्रोननबर्गच्या मनात मात्र म्हातारपण होतं, कोणालाच न चुकणारं. कोराली फार्झाच्या ‘द सब्स्टन्स’ (२०२४) मध्ये डेमी मूरने तोच धागा उचललाय. तिथे तो अधिक रागावलेला आहे, आणि तो राग रास्त आहे.

अखेरीस सेथला व्हेरोनिका आणि तिच्या पोटातलं मूल यांच्याशी एक व्हायचं असतं. माणूसपण टिकवायचा तेवढाच मार्ग त्याला दिसतो. पण तिच्या पॉडच्या तारा तुटतात, तो स्वतःच्या पॉडचं दार फोडून बाहेर पडू लागतो आणि नेमक्या त्याच क्षणी यंत्र आपलं काम करतं. ते त्याला टेलिपॉडच्याच तुकड्यांशी जोडून टाकतं. मांसातून धातू आणि तारा निघालेला एक जीव सरपटत बाहेर येतो. पडद्यावर तिथे नट नाही, वॅलसच्या चमूने चालवलेली बाहुली आहे. आजवर सगळं करून अलिप्त राहिलेल्या यंत्राला आता अंग मिळालंय, आणि अंगाबरोबर दुखणंही. व्हेरोनिकाने धरलेल्या बंदुकीची नळी ते आपल्या हाताने स्वतःच्या डोक्याशी नेतं. तिने चाप ओढावा म्हणून विनवणारा किती सेथ होता, किती माशी आणि किती टेलिपॉड, हे वेगळं करता येत नाही. मी तरी तिघांसाठीही रडतो.