हातगडाहून बाबांस

सुरगाणा, सोमवार, रात्र



ठरलेल्या वेळेपेक्षा तीन तास उशिरा, दिवेलागणीनंतर, हा प्रवासी लेक सुरगाण्यास सुखरूप पोहोचला, हे आईस आधी सांगावे. वाटेतील एका बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीतील गृहस्थांनी पुढची गाडी कधी या साध्या प्रश्नाला मान वर न करता ‘फलकावर लिहिलंय’ एवढेच उत्तर दिले, आणि फलकावरील वेळापत्रक जुने निघाल्यामुळे हा उशीर झाला. डोक्यावर बोचके घेऊन शेजारी उभ्या असलेल्या वृद्ध बाईस अक्षरओळख नव्हती, तरी तिलाही तेच उत्तर मिळाले, याचा संताप हे पत्र लिहीपर्यंत उतरलेला नाही.

सुरगाणा हे 1948 पर्यंत पवार देशमुखांचे छोटे संस्थान होते आणि पुढे ते नाशिक जिल्ह्यात आले, हे बाबांना ठाऊकच आहे. काळोखात गाव दिसले नाही आणि पहाटेच हातगड किल्ल्याकडे निघायचे असल्याने ते पाहणे होणारही नाही. थंडी मात्र अंदाजापेक्षा पुष्कळ अधिक आहे, आणि आईने पिशवीत घातलेली कानटोपी निघताना बाहेर काढून ठेवली, ही चूक प्रवाशास मान्य आहे.

जेवणात नागलीची भाकर, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी मिळाली. नागली म्हणजे आपल्याकडे जिला नाचणी म्हणतात ती, आणि खुरासणी म्हणजे कारळे. ही दोन्ही पिके डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत पावसावर येतात, म्हणून या भागाचे पोट त्यांवर चालते. नागलीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसल्याने ते कढत पाण्यात भिजवून तळहाताच्या टाचेने बराच वेळ रगडावे लागते, नाहीतर थापताना भाकर कडेने चिरते. चुलीपुढे बसलेल्या मावशींनी प्रत्येक भाकरीच्या कडेवरून ओले बोट फिरवून चिरा मिटवल्या, आणि तव्यावर टाकल्यावर वरून लावलेले पाणी सुकण्याच्या नेमक्या क्षणी ती उलटली. अशा चार भाकरी प्रवाशाने खाल्ल्या. आईच्या हातच्या भाकरीची आठवण झाली आणि चौथी भाकर जरा जड गेली, ती पोटाला नव्हे.

हातगड, मंगळवार, दुपार

हे पत्र गडावरील टाक्याच्या काठी बसून लिहिले जात आहे आणि वारा कागद धरू देत नाही, म्हणून अक्षर समजून घ्यावे.

बाबांच्या गुडघ्यांनी ज्या वाटेवर तीन वर्षांपूर्वी माघार घेतली, ती वाट खरे तर फार मोठी नाही. हातगड गावापासून वर बऱ्याच अंतरापर्यंत आता रस्ता आहे आणि पुढे पायऱ्या आहेत. तरी प्रवासी गावातूनच, नागलीची कापणी झालेल्या शेतांच्या बांधावरून पायी निघाला. वाटेत काही ठिकाणी ऐनाच्या फांद्या छाटून रचून ठेवलेल्या दिसल्या. त्या राबासाठी असतात. राब म्हणजे रोपे टाकण्याच्या वाफ्यावर फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून उन्हाळ्यात तो जाळण्याची रीत, ज्यामुळे तण मरते आणि राखेचे खत मिळते.

पहिल्या पडक्या दरवाजाजवळच्या कातळात बाबांनी वहीत खूण करून दिलेला लेख आहे आणि तो आहे त्या जागीच आहे, ही आजची सर्वांत मोठी बातमी. बागुल घराण्यातील भैरवसेन राजाने हा दुर्ग अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून शके 1469 मध्ये घेतला, असा त्याचा आशय. शकाच्या आकड्यात 78 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे ही घटना 1547 ची. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरांच्या खाचांत सावली भरते तेव्हा ओळी उमटून येतात आणि ऊन डोक्यावर आले की त्या पुन्हा कातळात मिटतात, म्हणून प्रवासी तासभर तेथेच बसला. ज्या बागुलांचे चरित्र रुद्रकवीने 1596 मध्ये ‘राष्ट्रौढवंश’ या संस्कृत महाकाव्यात गायिले आणि ज्यांचे बागलाण 1638 मध्ये मोगलांनी घेतले, त्यांच्या राज्याचा हा घाटमाथ्यावरचा पहारा होता. घाटमाथा म्हणजे दख्खनचे पठार संपून जमीन जेथे एकदम खाली उतरते ती कड. सुरतेच्या बाजूने वर येणारा माल आणि सैन्य याच कडेवरून जात असल्याने हातगडाचे महत्त्व त्याच्या उंचीपेक्षा जागेमुळे अधिक होते.

दरवाजे, मारुती, तटबंदी हे सर्व आहे आणि त्याची छायाचित्रे घरी आल्यावर दाखवली जातील. लिहावेसे वाटते ते टाक्याविषयी. टाके म्हणजे कातळ खोदून केलेला पाण्याचा साठा, ज्यातून निघालेला दगड बहुधा तटाच्या कामी येई, त्यामुळे एकाच श्रमात भिंत आणि पाणी दोन्ही मिळत. हातगडाच्या टाक्यांत जानेवारीतही पाणी आहे, हिरवट आणि थंडगार, आणि वाकून हात घातला तर काठावर छिन्नीचे समांतर घाव अजून बोटांना लागतात. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी गडावरच्या शिबंदीसाठी, म्हणजे पगारी सैनिकांच्या तुकडीसाठी, पाणी अडवण्याचा विचार इतक्या नेटाने झाला, आणि खालच्या वाड्यापाड्यांतील बायांना मार्च उजाडताच हंडे घेऊन झिऱ्यावर जावे लागते, हे येथे बसून विसरता येत नाही. झिरा म्हणजे ओढ्याच्या पात्रात उकरलेला खड्डा, ज्यात पाणी थेंबाथेंबाने साचते आणि वाटीने भरावे लागते.

पाऊस कमी पडतो असे नाही. तो धो धो पडतो, पण अखंड काळ्या कातळात मुरत नाही आणि उतारावरून निघून जातो. याच सुरगाणा तालुक्याच्या केम डोंगरात गिरणा उगम पावून पूर्वेला खानदेशाकडे वळते, आणि नार व पार या नद्यांचे पाणी पश्चिमेला गुजरातेतून समुद्रास मिळते. हेच पाणी वळवून गिरणेत नेण्याची नार-पार-गिरणा योजना त्यामुळेच पुढे आली. खानदेशाची तहान खरी आहे. पण ज्या डोंगरावर हा पाऊस पडतो त्याच्या पाड्यांना त्यातील पहिली घागर मिळाली पाहिजे, असे प्रवाशाचे ठाम मत आहे.

पलीकडे डांगातील सापुताऱ्याची हॉटेले स्पष्ट दिसतात. 1 मे 1960 रोजी डांग गुजरातेत गेले, तेव्हापासून डोळ्यांना एकच दिसणाऱ्या या डोंगरातून राज्याची सीमा जाते, आणि डिसेंबर 2022 मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरील काही गावांनी रस्ता, पाणी, दवाखाना मिळत नसेल तर आम्हांला गुजरातेत घाला, असे उघड सांगितले होते. वर्तमानपत्रात ते वाचून बाबा रागावले होते. येथे उभे राहून पाहिले असते तर तो राग त्या गावांवर राहिला नसता. दुसऱ्या बाजूला सप्तशृंग, मार्कंड्या, अचला हे डोंगर ओळीने दिसतात.

बोरगाव, बुधवार, सकाळ

गाडी सुटायला अवकाश असल्याने चार ओळी.

रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीचे स्टॉल मांडले जात आहेत. थंडी आणि डोंगरउतार यांमुळे हे पीक येथे रुजले आणि काही घरांतील माणसांचे हिवाळ्यात द्राक्षबागांच्या मजुरीला दूर जाणे त्यामुळे थांबले. एक मुलगी दवाने ओली फळे एकेक पुसून, डाग असलेली खाली न दडवता वेगळी काढून, पुठ्ठ्याच्या खोक्यात रचत होती. तिच्याकडून दोन खोकी घेतली आहेत, पैकी एक धाकटीच्या स्कॉलरशिपच्या पेपरापूर्वी तिच्या हाती पडेल असे पाहिले जाईल.

गडावरच्या लेखाच्या खालच्या भागातील काही अक्षरे झिजली असून ती प्रवाशास लागली नाहीत. जेवढी लागली तेवढी वहीत उतरवून आणली आहेत, उरलेली बाबांनी भिंग घेऊन छायाचित्रांवरून लावावीत. आईच्या डोळ्यांत थेंब घालण्याची रात्रीची वेळ चुकवू नये. दोन किलो नागलीचे पीठ सोबत आहे, तेव्हा उद्या संध्याकाळी आईने लाकडी काथवट माळ्यावरून काढवून ठेवावी.